मामींना सगळे सुटलेले दिसत होते

मामेबहिणीचं लग्न फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं आणि व्हिडिओचा पेन ड्राइव्ह मामांच्या हातात पडला एप्रिलच्या शेवटी. मे महिन्यात मी सांगलीला गेलो तेव्हा तो टीव्हीशेजारच्या वाटीत, किल्ल्यांसोबत पडलेला होता. टीव्ही जुना, त्याला हा पेन ड्राइव्ह ओळखताच येत नव्हता. राहता राहिला कॉम्प्युटर. त्यावर लावला की दोन-चार मिनिटं बरी जायची आणि मग चित्र झटके खायला लागायचं.

"मंगलाष्टकं म्हणणारे म्हणतायत, बॅंड वाजतोय, आणि अक्षता मात्र हवेतच," मामा म्हणाले. "पुढं एकदम हार घालूनच उभे. मधलं गायब."

माझं पोटापाण्याचं काम दुरुस्तीचं नाही, पण नात्यातले सगळे कॉम्प्युटर माझ्याकडेच असतात. त्यामुळे गेल्या गेल्या चहाबरोबर ही केस समोर आली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॉम्प्युटरवाल्यानं त्याआधीच निकाल दिलेला होता: मशीन म्हातारं झालंय, रॅम वाढवा आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, नाहीतर सरळ नवीन घ्या. जाता जाता त्यानं एक कोडेक पॅकही, म्हणजे निरनिराळ्या प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा, टाकून दिला होता. त्यानं फरक काहीच पडला नव्हता, फक्त फाइल उघडायला पर्याय चार झाले होते.

यंत्र २०१४ साली जुळवून घेतलेलं. चौथ्या पिढीचा इंटेल आय-३ ४१३० प्रोसेसर, दोन कोर, ३.४ गिगाहर्ट्झ. ४ जीबी रॅमची एकच काडी, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरच्या पोटातलं एचडी ग्राफिक्स ४४०० हेच काय ते. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चा. विंडोज १०. मार्चमध्ये कॉम्प्युटर हळू झाला म्हणून त्याच दुकानातून विंडोज नव्यानं टाकून घेतलं होतं. ही शेवटची गोष्ट मामांनी सहज बोलता बोलता सांगितली आणि मी तितक्याच सहज सोडून दिली.

व्हिडिओ तीन प्रकारचे होते, आणि हे पुढं फार महत्त्वाचं ठरलं. पहिली लग्नाची पूर्ण फिल्म: दोन तासांची, १०८०पी, सेकंदाला ५० फ्रेम म्हणजे ५० चित्रं, साधारण २५ जीबी. दुसरी बारा मिनिटांची ‘सिनेमॅटिक’, म्हणजे ड्रोन, धूर आणि संथ चालणारी नवरी. ही ४के, सेकंदाला २५ फ्रेम, पण बारा मिनिटांसाठी तब्बल ९ जीबी. आणि तिसऱ्या माझ्या धाकट्या बहिणीनं आयफोन १३ वर घेतलेल्या २३ क्लिप्स. त्यांचं महत्त्व असं की कानपिळीच्या वेळी व्हिडिओवाला बॅटरी बदलत होता. कानपिळी फक्त तिच्या फोनमध्येच आहे.

पहिला तास वाया

पहिला तास मी हार्ड डिस्कच्या मागे लागून वाया घालवला. दहा वर्षांची फिरती डिस्क म्हटल्यावर संशय तिच्यावरच जातो. चेकडिस्क लावली, डिस्कची तब्येत सांगणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालवून बघितलं. खराब सेक्टर शून्य. मोठी फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करून पाहिली, वेग पुरेसा निघाला. लग्नाच्या फिल्मला सेकंदाला साडेतीन एमबी लागतात. डिस्क त्याच्या कितीतरी पट देत होती.

हे सगळं चालू असताना मामी स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाल्या, "आणि बघ की रे, ह्यात सगळी माणसं सुटलेली का दिसतात? फोटोतसुद्धा. मला आधी वाटलं हॉलवाल्याच्या जेवणाचा परिणाम."

मी हसलो. मामाही हसले. आणि केसमधला सगळ्यात मोठा धागा मी हसण्यावारी नेला.

मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. फिल्म लावली आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडून ठेवला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो उघडतो. ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये डावीकडे सीपीयू, मेमरी, डिस्क, इथरनेट अशी उतरंड असते. व्हिडिओ अडखळतोय म्हणजे या साखळीतली एखादी कडी पूर्ण ताणलेली असणार, बाकीच्या तिची वाट बघत बसलेल्या असणार. कुठली ते आलेखच सांगतो.

सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के. मेमरी ६२ टक्के, म्हणजे रॅम कमी पडत नव्हती. डिस्क तीन-चार टक्क्यांवर झोपलेली. दुकानदारानं विकायला काढलेल्या दोन्ही वस्तू, रॅम आणि एसएसडी, इथंच बाद झाल्या. एसएसडीनं कॉम्प्युटर चालू व्हायला लागणारा वेळ नक्की घटला असता आणि मामांना चार दिवस बरं वाटलं असतं. अक्षता मात्र हवेतच राहिल्या असत्या.

पण खरी गंमत त्या उतरंडीत नसलेल्या गोष्टीत होती. शेवटी ‘जीपीयू’ नावाची एक ओळ असते, ग्राफिक्सच्या चिपची. ती नव्हतीच.

जाड माणसं

ती ओळ दिसत नाही याचा बहुतेक वेळा एकच अर्थ: ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप वापरता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, बसलेला नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला, ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खाली बघितलं, तर एचडी ग्राफिक्स ४४०० च्या जागी ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. हा विंडोजचा पोटापुरता ड्रायव्हर. पडद्यावर काहीतरी दिसावं, इतकीच त्याची जबाबदारी. मॉनिटरची खरी मापं त्याला इथं साधत नव्हती, म्हणून तो १०२४ बाय ७६८ वर अडून बसला होता. उंची बरोबर, रुंदी कमी. मॉनिटर बिचारा १०२४ ठिपक्यांचं चित्र १३६६ ठिपक्यांवर ताणून दाखवत होता. म्हणजे पडद्यावरची प्रत्येक वस्तू, प्रत्येक फोटो, प्रत्येक व्याही एक तृतीयांशानं रुंद.

मामी मार्चपासून हेच सांगत होत्या.

ड्रायव्हर नसल्यानं नुकसान केवळ रुंदीचं होत नाही. व्हिडिओ फाइलमध्ये सगळी चित्रं एकामागून एक पूर्ण ठेवलेली नसतात. तशी ठेवली तर दोन तासांच्या लग्नाला एक हार्ड डिस्क पुरणार नाही. वाण्याला यादी देताना आपण कसं सांगतो, ‘गेल्या महिन्याप्रमाणेच, फक्त साखर दोन किलो आणि पोहे नकोत’, तसं काम असतं. अधूनमधून एक चित्र पूर्ण, मग पुढची ‘मागच्याप्रमाणेच, फक्त उजवा हात थोडा वर’ अशा सूचनांच्या रूपात. ही यादी सेकंदाला पन्नास वेळा सोडवून चित्र उभं करायचं, याला डिकोडिंग म्हणतात. सोडवायला वेळ पुरला नाही की प्लेअर ते चित्र टाकून देतो आणि पुढचं धरतो. आवाजाचं काम त्यामानानं किरकोळ, म्हणून तो बिनबोभाट चालू राहतो. चित्र अडकलंय पण मंगलाष्टकं चालूच आहेत, ही खूण डिकोडिंग कमी पडण्याची.

हे काम करायला ग्राफिक्सच्या चिपमध्ये एक स्वतंत्र सर्किट असतं. ते पुरणयंत्रासारखं, त्याला दुसरं काही जमत नाही, पण ते एक काम चुटकीसरशी. ड्रायव्हर नसला की प्लेअरला ते यंत्र आहे हेच कळत नाही आणि सगळं पुरण पाट्यावर वाटायला येतं, म्हणजे प्रोसेसरवर. शिवाय तयार झालेलं चित्र पडद्याच्या मापाचं करणं, हेही प्रोसेसरनंच.

मामांकडचा प्लेअर व्हीएलसी. त्यात कंट्रोल आणि जे दाबलं की फाइलची कुंडली उघडते. तिथं ‘कोडेक’मध्ये, म्हणजे यादी कुठल्या पद्धतीनं लिहिलीय त्या जागी, एच.२६४ दिसलं आणि ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये हरवलेल्या फ्रेमचा आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळत होता. सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग ‘ऑटोमॅटिक’वरच होतं, तिथं काही चुकलेलं नव्हतं. दुकानदारानं ‘लूप फिल्टर’ वगळण्याची एक खटपट करून ठेवली होती. त्यानं प्रोसेसरचं काम थोडं हलकं होतं खरं, पण चेहऱ्यांवर चौकडे उमटतात. ती परत पूर्वपदावर आणली. कोडेक पॅकही काढून टाकला. व्हीएलसी स्वतःचे कोडेक स्वतःबरोबर घेऊन येतो, बाहेरच्या पॅकशी त्याला काही देणंघेणं नसतं.

एरवी विंडोज १० इंटरनेट मिळालं की ड्रायव्हर स्वतःच शोधून बसवतं. इथं ‘अपडेटमुळं मशीन हळू होतं’ या समजुतीनं दुकानात अपडेटची सर्व्हिसच बंद करून दिलेली. ती चालू केली, मोबाइलचा हॉटस्पॉट दिला आणि जेवायला बसलो. आमटी-भात संपेपर्यंत पडदा दोनदा काळा झाला आणि परत आला. आला तेव्हा डेस्कटॉपवरची चित्रं एकदम सडपातळ.

मामी हात पुसत आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "हां, आता माणसात आली सगळी."

फिल्म लावली. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूची ओळ हजर, तिच्यातल्या ‘व्हिडिओ डिकोड’च्या आलेखात हालचाल, आणि सीपीयू १५ टक्क्यांच्या आसपास. अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, खाली जमिनीवर पडल्या. दोन तासांची फिल्म तिथंच सुटली.

बाकीची दोन दुखणी

मला वाटलं, संपलं. मग मामांनी ‘सिनेमॅटिक’ लावली आणि ती अडकली. पण यावेळी वेगळी अडकली: चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबायचे, सेकंदभर शांतता, मग दोन्ही जिथल्या तिथून पुढं. फ्रेम हरवत नव्हत्या. सीपीयू निवांत, डिकोडचा आलेखही निम्म्याखाली.

दोन्ही एकदम थांबणं म्हणजे प्लेअरच्या ताटात वाढायलाच कोणी नाही. हिशोब सोपा होता. ९ जीबी भागिले बारा मिनिटं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. पेन ड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी २.० च्या खोबणीत लावलेला, आणि तो स्वतःही व्हिडिओवाल्यानं घाऊक घेतलेल्यातला. फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करायला टाकली, तर खिडकीत वेग ११ ते १४ एमबीमध्ये वरखाली होत राहिला आणि कॉपी व्हायला बारा मिनिटं लागली. बारा मिनिटांची फिल्म, कॉपीलाही बारा मिनिटं! याहून स्वच्छ निदान कुठल्या सॉफ्टवेअरनं दिलं नसतं. एखादी फाइल कॉपी व्हायला जर तिच्या लांबीइतकाच वेळ घेत असेल, तर ती तिथून थेट बघायला जाऊच नये. हार्ड डिस्कवरून ती एकदाही न थांबता चालली. ज्या डिस्कवर मी तासभर संशय घेतला तिनंच हे काम निभावलं.

आता बहिणीच्या क्लिप्स. त्या हार्ड डिस्कवर घेतल्या, लावल्या, आणि पडद्यावर पहिली फ्रेम येऊन तिथंच चिकटली. रंगही उडाल्यासारखे, राखाडी. सीपीयू पुन्हा १०० टक्के, ‘व्हिडिओ डिकोड’ शून्य.

मामांचा प्रश्न रास्त होता: "अरे, ही फाइल तर त्या ड्रोनवाल्यापेक्षा हलकी आहे, मग ही का चालत नाही?"

खरंच हलकी होती. आयफोनची ही क्लिप मिनिटाला साधारण ४०० एमबी, सिनेमॅटिक मिनिटाला ७५०. पण फाइल किती जड आहे आणि ती उलगडायला किती डोकं लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथं तर त्या उलट्याच जातात. सिनेमॅटिक एच.२६४ मध्ये होती. हे मानक २००३ चं, एचडी ग्राफिक्स ४४०० च्या सर्किटला ते तोंडपाठ. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, एचईव्हीसी वापरतो. तेच एच.२६५, २०१३ चं मानक. तेवढ्याच चित्राला जागा बरीच कमी लागते, कारण यादी जास्त हुशारीनं लिहिलेली असते. आणि हुशारीनं लिहिलेली यादी सोडवायला अवघड असते. वर बहिणीनं ४के, ६० फ्रेम आणि एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त बारकाईनं टिपणारा प्रकार) असं सगळं चढवून ठेवलेलं, त्यामुळे रंगही ८ ऐवजी १० बिटचे. सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपके. लग्नाच्या १०८०पी फिल्ममध्ये हाच आकडा दहा कोटींच्या थोडा वर.

या चौथ्या पिढीच्या चिपमध्ये एचईव्हीसीचं स्वतंत्र सर्किटच नाही. ते इंटेलच्या सहाव्या पिढीत, २०१५ ला आलं, तेही ८ बिटपुरतं. १० बिट नीट झेपतं ते सातव्या पिढीपासून. इथं ड्रायव्हर कितीही नवा टाकला तरी उपयोग नव्हता. पुरणयंत्र होतं, पण या पुरणाची जाळीच त्याला मिळत नाही.

रस्ते दोन. एक, ज्यात हे सर्किट आहे असं ग्राफिक्स कार्ड घेणं. जीटी १०३० मध्ये १० बिट एचईव्हीसी उलगडतं, ते ३० वॅटवर चालतं आणि जुन्या पॉवर सप्लायलाही जड होत नाही. मात्र दुकानात ‘व्हिडिओसाठी हे घ्या’ म्हणून स्वस्तात हातात ठेवली जाणारी जीटी ७१० किंवा ७३० घेतली असती तर पैसे पाण्यात, कारण त्या जुन्या पिढीत एचईव्हीसी नाहीच. दुसरा रस्ता, क्लिप्सच बदलून घेणं.

मॉनिटरनं हा प्रश्न सोडवला. ४के चित्रात ८३ लाख ठिपके असतात, मामांच्या मॉनिटरवर मावतात साडेदहा लाख. म्हणजे आठातले सात ठिपके उलगडून, घाम गाळून, शेवटी फेकूनच द्यायचे. या पडद्यासाठी कार्ड घ्या असं मी सांगितलं नाही. क्लिप्स एच.२६४, १०८०पी, ३० फ्रेम अशा करून घ्यायच्या ठरवल्या. १०८०पी सुद्धा या पडद्याला जास्तच, पण उद्या टीव्ही बदलला तर उपयोगी पडेल.

देवघराची काजळी

हँडब्रेक नावाचं व्हिडिओचं रूपांतर करणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार साचा असतो. २३ क्लिप्स, एकूण ४१ मिनिटं. एचडीआरमुळे रंग राखाडी येऊ नयेत म्हणून कलरस्पेसचा फिल्टर बीटी.७०९ वर, म्हणजे साध्या पडद्याच्या रंगांवर, ठेवला. माझा लॅपटॉप कोल्हापुरात राहिलेला, त्यामुळे हे दळण याच मशीनवर दळायचं होतं. सुरुवातीला सेकंदाला ५ फ्रेम असा वेग दिसत होता. म्हणजे चारेक तास. चालेल म्हटलं, आणि कृष्णेवर फेरफटका मारायला निघणार, तेवढ्यात वेग ४ झाला. मग ३. दहा-बारा मिनिटांनी २ वर येऊन थांबला. खालचा ‘उरलेला वेळ’ दहा तासांच्या पुढं.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के होताच, पण त्याखालची ‘स्पीड’ची ओळ ३.४ ऐवजी १.६ गिगाहर्ट्झ दाखवत होती. या आय-३ ला टर्बो वगैरे प्रकार नाही. कामात असताना ३.४ म्हणजे ३.४. तो काम अंगावर असताना मंदावतोय म्हणजे तापलाय, आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच दम खातोय. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनं ९४ अंश दाखवले. बाहेर मे महिन्यातली सांगली, तिची उष्णता वेगळीच.

आणि इथं मला मामांचं पहिलं वाक्य परत आठवलं: दोन-चार मिनिटं बरं जायचं, मग झटके. ड्रायव्हर नव्हता हे खरं, पण एक थंड आय-३ १०८०पी ची फिल्म प्रोसेसरच्या जोरावरही बऱ्यापैकी ओढून नेतो. म्हणूनच सुरुवात बरी व्हायची. तापला की निम्मा वेग जायचा आणि मग मंगलाष्टकं पुढं, अक्षता मागे. एकाच लक्षणाखाली दोन कारणं चिकटून बसली होती आणि ड्रायव्हर बसवल्यावर दुसरं कारण झाकलं गेलं होतं. हँडब्रेकनं ते उघडं पाडलं.

कॅबिनेट गॅलरीत नेऊन उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं जे चक्र असतं, त्याच्या फटीच दिसत नव्हत्या. राखाडी-काळा, बोटाला चिकटणारा, नमद्यासारखा थर. नुसती धूळ अशी चिकटत नाही. कॉम्प्युटरचं टेबल देवघराला लागून आहे. रोज सकाळ-संध्याकाळ निरांजन, उदबत्ती, सणावाराला धूप. दहा वर्षांची काजळी आणि तुपाचा अंश पंख्यानं इमानदारीनं आत ओढला होता. ती ब्लोअरनं निघाली नाही, जुन्या टूथब्रशनं खरवडून काढावी लागली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं.

कूलर चार पिनांवर बसलेला असतो, त्या फिरवून वर ओढल्या. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, सुकून खडूसारखी झाली होती. स्पिरिटनं पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली आणि पिना तिरप्या क्रमानं दाबल्या. एक पिन नीट बसली नव्हती, ती टक्कन आवाज येईपर्यंत परत दाबली. या चौथ्या पिनेनं मला आयुष्यात अनेकदा फसवलंय.

पुन्हा हँडब्रेक लावला. तापमान ६३ अंशांवर स्थिर, वेग ५, आणि तो रात्री अकरापर्यंत ५ च राहिला. सकाळी मामींनी देवपूजेआधी कानपिळी बघितली. जावयाचा कान जरा जास्तच पिळला गेला होता असं त्यांचं मत पडलं.

यूट्यूबचं शेपूट

निघायच्या दिवशी मामांनी हळूच सांगितलं की यूट्यूबवरचं नाट्यसंगीतही मधेमधे अडकतं. व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं. कोडेकच्या ओळीत ‘व्हीपी०९’, म्हणजे व्हीपी९ हा वेगळा कोडेक, आणि खाली टाकून दिलेल्या फ्रेमचा आकडा वाढता. तेच दुखणं: व्हीपी९ साठीही या चिपमध्ये सर्किट नाही. ब्राउझरच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू होतं, पण जे सर्किट नाही ते चालू कुठून होणार! यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावणारी छोटी एक्स्टेन्शन मिळतात, १०८०पी पर्यंत ती चालतात. मी मामांना त्याहून सोपं सांगितलं: दर्जा ७२०पी वर ठेवा. पडद्याला आडव्या रेघाच ७६८ आहेत, ७२० आणि १०८० मधला फरक त्यावर दिसत नाही. पेटी आणि तबला तर तोच राहतो.

बहिणीलाही फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की फोन एच.२६४ मध्ये रेकॉर्ड करतो. मात्र मग ४के ६० मिळत नाही. ते हवंच असेल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ हे ‘ऑटोमॅटिक’ ठेवायचं, म्हणजे केबलनं घेताना फोन स्वतः रूपांतर करून देतो. तिनं दोन्ही ऐकून घेतलं आणि काहीच बदललं नाही, हे मला पुढच्या बारशाच्या क्लिप्स आल्या तेव्हा कळलं.

मामांचा एकूण खर्च थर्मल पेस्टच्या एका नळीचा. नवीन कॉम्प्युटरचा प्रश्न मात्र मिटलेला नाही, फक्त पुढं गेलाय. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. घेतील तेव्हा इंटेल असेल तर अकराव्या पिढीच्या पुढचाच घ्या असं सांगून ठेवलंय, कारण त्यात एचईव्हीसी, व्हीपी९ आणि नवं एव्ही१ या तिन्हींची सर्किटं आलेली असतात.

बहिणीच्या मूळ ४के क्लिप्स पुसल्या नाहीत. सोळा जीबी आहेत, पण कधीतरी मोठा पडदा येईल आणि तेव्हा त्याच लागतील. त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या, त्याची एक प्रत माझ्याकडे घेतली. फोल्डरला काय नाव देऊ असं विचारलं तर मामांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं: ‘जड माल, उघडू नये’.